चाळीस ट्रॉल्या करण्याआधी एक हातभर ट्रॉली करा

मागच्या व्हिडिओत मी घाईघाईत एक वाक्य बोलून गेलो, "आधी लहान करून, मोडून बघा." ते जरा नीट सांगायला हवं, कारण त्यामागे माझी स्वतःची चूक आहे.

आपल्या एका बॅचमधला मुलगा. राहायला इथेच पिंपळे गुरवला, भाड्याची शेड भोसरीत. चाकणच्या एका कारखान्याची ऑर्डर मिळाली. 40 ट्रॉल्या, प्रत्येकीवर सुट्या भागांचे बिन एकावर एक, वजन 250 किलोपर्यंत. बायकोचे दागिने तारण ठेवून त्याने पाइप आणला. मला फोन केला, "सर, आधी एक करून बघू का?" मी म्हणालो, "ड्रॉइंग आहे ना? मग वेळ कशाला घालवतोस, सगळं एकदम कापून घे." एकदम कापलं की पाइप कमी वाया जातो, हे खरंच आहे. पण पहिलीच भरलेली ट्रॉली रॅम्पवर वळवताना आडवी झाली. ढकलणाऱ्या कामगाराचा पाय थोडक्यात वाचला. चाकांमधलं अंतर 60 सेंटिमीटर, भरल्यावर वजनाचा मध्य मीटरभर उंच, आणि बाकी 39 ट्रॉल्यांचा पाइप त्याच मापाने कापून पडलेला.

आता गंमत बघा. ट्रॉली किती कलल्यावर पडेल, हे तिच्या आकारमानावर नाही, प्रमाणावर ठरतं. एक पंचमांश मापाची प्लायवूडची ट्रॉली केली असती, तर चाकांमध्ये 12 सेंटिमीटर आणि वजनाचा मध्य 20 सेंटिमीटरवर आला असता. फळीवर ठेवून फळी एका बाजूने उचलत जायची. साधारण 17 अंशांना ती पडली असती, अगदी मोठीसारखीच. अंतर 75 आणि उंची 80 सेंटिमीटर धरून पुन्हा केली, की तोच आकडा 25 अंशांवर जातो. आणखी एक, मॉडेलला फिरती चाकं लावली असती तर दिसलं असतं की कॅस्टर आतल्या बाजूला वळला की पाया आणखी अरुंद होतो. ड्रॉइंगवर हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं, माझ्याही नाही. एका संध्याकाळचं काम होतं हो.

हे मी काही नवीन सांगत नाही. आपल्यापासून तासा-दीड तासावर खडकवासल्याला केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे. 1916 साली मुंबई प्रांतात एक छोटा कक्ष म्हणून सुरू झालं. धरणांचे सांडवे, बंदरं, नद्या यांची लहान मॉडेल करून त्यात पाणी सोडायचं, हे तिथलं मुख्य काम. समजा, सांडवा 1:100 मापाने केला. खऱ्या सांडव्यावरून सेकंदाला 10,000 घनमीटर पाणी जाणार असेल, तर मॉडेलवरून फक्त 100 लिटर सोडावं लागतं. खऱ्या पुराचा एक तास तिथे 6 मिनिटांत उरकतो. धरण बांधून झाल्यावर पाणी भलतीकडे उसळतंय असं कळलं, तर काय करणार? मॉडेलमध्ये भिंत फोडायची आणि दुसरी बांधायची.

पण मॉडेल खोटंही बोलतं, आणि इथे बरेच जण फसतात. मजबुतीचं गणित वेगळं आहे. माप एक पंचमांश केलं की पाइपचा छेद 25 पट कमी होतो, पण वजन 125 पट. म्हणजे 250 किलोच्या जागी तुम्ही प्रमाणात 2 किलो ठेवले, तर मॉडेल ढिम्म हलणार नाही आणि तुम्ही खूश व्हाल. खऱ्याइतका ताण आणायचा तर 10 किलो ठेवायला लागतील, तेही पाइपची जाडी त्याच प्रमाणात कमी केली असेल तर. 3 मिलिमीटरच्या जागी 0.6 मिलिमीटरचा पाइप कोण देणार आणि त्याला वेल्डिंग कोण करणार? म्हणून माझं मत असं, की कलणं, वळणं, बिन आत-बाहेर होणं, कामगाराचा हात पोचणं हे सगळं मॉडेलला विचारा. वेल्डिंग टिकेल का, हे विचारायला एक पूर्ण मापाचीच ट्रॉली करा आणि तिच्यावर वजन टाकून बघा.

आणि ते थ्रीडी प्रिंट केलेलं, रंगवलेलं मॉडेल घेऊन परचेसवाल्या साहेबांच्या टेबलावर ठेवणं, त्याला मी टेस्ट म्हणत नाही. ते शोकेसचं काम झालं. टेस्टचं मॉडेल शेवटी मोडलेलंच असलं पाहिजे. त्याचा खर्च कोटेशनमध्ये ट्रायलचा म्हणून वेगळा लावा. साहेब कुरकुर करतील, करू देत. कापून चुकलेल्या पाइपचा खर्च ते देत नाहीत, हे त्या पोराला विचारा. त्याने रुंद पायाची नवी फ्रेम करून ऑर्डर पुरी केली, पण नफा गेला आणि दागिने सुटायला वर्ष लागलं. मला त्याने एका शब्दाने बोल लावला नाही, ते जास्त लागलं.

पुढच्या शनिवारच्या बॅचला आपापलं ड्रॉइंग, पुठ्ठा आणि कटर घेऊन या. वजनकाटा मी आणतो.