ऑगस्टसचा मुखवटा

परीक्षेत ऑगस्टसची कामगिरी लिहायला आली की आपण सारे एकाच वाटेने जातो : शांतता, शिस्त, सुव्यवस्था. मीही तेच लिहिले, गुणही मिळाले. परंतु एक प्रश्न मनातून जात नाही. ही स्थिरता उभी कशावर होती?

इ. स. पू. ३१ मध्ये ॲक्टियमच्या लढाईत अँटनीचा पराभव झाला, तेव्हा यादवीला कंटाळलेल्या रोमला शांतता हवी होती. पण राजा नको होता. ज्युलियस सीझरचा खून त्याच धास्तीपोटी झाला होता. त्याच्या दत्तकपुत्राने हे नेमके ओळखले. इ. स. पू. २७ मध्ये त्याने सत्ता सिनेटला ‘परत’ केली. सिनेटने त्याला ‘ऑगस्टस’ ही पदवी दिली आणि बहुतेक फौजा ज्या प्रांतांत होत्या, ते प्रांतही त्याच्याच हाती सोपवले! निवडणुका होत राहिल्या, कॉन्सल येत-जात राहिले. देव्हारा तोच राहिला, आतला देव तेवढा बदलला.

त्याची कर्तबगारी मी नाकारीत नाही. इ. स. ६ मध्ये त्याने निवृत्त सैनिकांसाठी वेगळा खजिना उभारला आणि त्यासाठी वारसाहक्काच्या मालमत्तेवर पाच टक्के कर बसवला. सैनिक आता म्हातारपणच्या भाकरीसाठी आपल्या सेनापतीकडे नव्हे, तर सम्राटाकडे पाहू लागला. यादवीचे एक मूळच त्याने उखडले.

परंतु मुखवट्याची किंमत पुढच्यांनी मोजली. ‘मी राजा नाही’ असे म्हणणाऱ्याने गादीच्या वारसाचा कायदा करावा तरी कसा? इ. स. ४१ मध्ये कॅलिग्युलाचा खून झाला. सिनेट प्रजासत्ताकाची चर्चा करीत बसली आणि राजवाड्याच्या पहारेकऱ्यांनी क्लॉडियसला सम्राट करून टाकले. त्याने त्यांना भरघोस बक्षीस कबूल केले. इ. स. ६८ मध्ये नीरोने आत्महत्या केली आणि ६९ या एकाच वर्षात रोमने चार सम्राट पाहिले. निकाल तलवारीनेच लागला.

मित्रहो, संस्थांची नावे शाबूत आहेत एवढ्यावरून संस्था जिवंत आहेत असे समजू नये. राज्यकर्ता शांतपणे बदलता येतो की नाही, हीच स्थिरतेची खरी कसोटी. पुढच्या उत्तरपत्रिकेत हा मुद्दा मी लिहिणार आहे. मग गुण कापले गेले तरी बेहत्तर!