अलर्ट आला नाही, म्हणजे सर्व्हर ठीक आहे?

सर्व्हर रीस्टार्ट झाला, ॲपही सुरू झाले. पण त्यावर नजर ठेवणाऱ्या एजंटचे काय? लिनक्सवर नुसती 'स्टार्ट' केलेली सेवा रीबूटनंतर आपोआप सुरू होत नाही. ती 'इनेबल'ही करावी लागते. कुबरनेटिसमध्ये नव्या डिप्लॉयमेंटनंतर पॉडचा आयपी पत्ता बदलतो. जुना पत्ता हाताने लिहिलेला असेल, तर मॉनिटरिंग तुटते. म्हणूनच प्रोमिथियससारख्या टूलमध्ये सर्व्हिस डिस्कव्हरी असते.

खरा धोका शांततेचा आहे. डेटाच आला नाही, तर 'एरर वाढल्या' हा अलर्टही येत नाही. डॅशबोर्ड शांत, ग्राहकाचे पेमेंट मात्र अडकलेले! त्यामुळे डेटा थांबल्याचा वेगळा अलर्ट हवाच. नव्या आवृत्तीचा डेटा मॉनिटरिंगवर दिसेपर्यंत डिप्लॉयमेंट पूर्ण झाले, असे कंपन्यांनी म्हणूच नये.