उचल आधी, अट मागाहून

१/ उचल म्हणजे कर्ज की आगाऊ मजुरी? प्रश्न साधा दिसतो. परंतु पेण-रोह्याच्या डोंगरकडेच्या कातकरी वाड्यांचा दीडशे वर्षांचा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरतो. आजच्या थ्रेडमध्ये काही घटना, काही कायदे आणि माझे मत. मत आरंभीच सांगतो : मजुराची फसवणूक हिशेबाच्या दिवशी उघडी पडते, पण तिची सुरुवात फार आधी, पैसे हातावर ठेवून अटी मागाहून सांगण्याच्या क्रमात होते.

२/ प्रथम माणसे. कातकरी अथवा काथोडी हे नावच धंद्यावरून पडले : खैराच्या लाकडापासून कात काढणारे. १८८३ च्या कुलाबा गॅझेटिअरात त्यांची नोंद आहे. पेण व रोहा हे कुलाबा जिल्ह्याचे तालुके. जिल्ह्याला रायगड हे नाव १९८१ मध्ये मिळाले. १८७८ च्या वन कायद्यानंतर राखीव जंगलांचे निर्बंध आवळत गेले आणि कात पाडणारा, डोंगरउतारावर दळी कसणारा माणूस हळूहळू दुसऱ्याच्या भट्टीवरचा मजूर झाला.

३/ आता वर्षाचे चक्र पाहा. पावसाळ्यात हाताला काम थोडे आणि घरात धान्य थोडे. अशा वेळी मुकादम वाडीवर येतो आणि उचल देतो. आजारपण, लग्न, गळके छप्पर, सणवार, कारण कोणतेही असो, पैसे त्याच क्षणी हवे असतात. भातकापणी आटोपली की कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्टीवर अथवा कोळसाभट्टीवर निघतात. कोळशासाठी तर घाट चढून थेट कर्नाटकापर्यंत. परत येणे पावसाच्या तोंडावर.

४/ उचल घेताना काय ठरते? बहुधा फक्त रक्कम. दर हजार विटांमागे मजुरी किती, भिजलेल्या-फुटलेल्या विटा मोजणीत धरायच्या की नाही, आठवड्याची खर्ची कोणाच्या खाती पडणार, आजारपणाचे दिवस कसे मोजायचे, भट्टी कोणत्या गावी आहे, यांतले काही निश्चित होत नाही, किंवा तोंडी एक सांगितले जाते आणि भट्टीवर पोहोचल्यावर दुसरेच कळते. तोवर पैसे खर्च झालेले असतात. नाही म्हणण्याची वेळ निघून गेलेली असते.

५/ मोसम संपला की हिशेब. वही मालकाची, अक्षर मालकाचे, मोजणी मालकाची. नवराबायको अशा जोडीने सहा-सात महिने राबूनही ‘अंगावर बाकी’ राहिली, असे वाचून दाखवले जाते. ती बाकी फेडण्यासाठी पुढच्या मोसमात पुन्हा तीच भट्टी. उचल मजुरीपोटी दिलेली होती. वहीत ती कर्ज होऊन बसली. हा शब्दबदल कोणत्या क्षणी झाला, ते मजुराला कोणी सांगितलेलेच नसते.

६/ मुकादमाविषयीही न्यायाने बोलले पाहिजे. तो पुष्कळदा त्याच समाजातला, कधी त्याच वाडीतला असतो. मालक त्याला दर सांगतो, तो वाडीला सांगतो. मालकाने शब्द फिरवला की खोटा ठरतो मुकादम. एखादी जोडी पळाली तर तिची उचल त्याच्या नावावर चढते. थोडक्यात, ठेका घेणाराही फसतो. तरीही त्याच्यात आणि मजुरात एक अंतर आहे : मुकादमाला आपला तोटा खाली ढकलता येतो. मजुराच्या खाली कोणीच नसते.

७/ ही रचना केवळ कातकऱ्यांच्या वाट्याला आली असे नाही. पेणहून खोपोलीकडे निघाले की समोर बोरघाट उभा राहतो. तेथे १८५६ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या घाटमार्गाचे काम सुरू झाले. ठेकेदार होता विल्यम फॅव्हिएल. कंपनीखाली ठेकेदार, त्याच्याखाली छोटे ठेकेदार, त्यांच्याखाली मुकादम आणि सर्वांत तळाशी हजारो मजूर. वरून निघालेला पैसा तळापर्यंत पोहोचेतो उशीरही होई आणि कमीही होई.

८/ जानेवारी १८५९ मध्ये मजुरीच्या या रखडपट्टीतून कर्जतकडील कामावर दंगल उसळली. मजुरांनी युरोपीय देखरेख्यांवर हल्ला केला. त्याच वर्षी मार्चमध्ये फॅव्हिएलने ठेका सोडला. पुढचा ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल भारतात आल्यावर काही आठवड्यांतच वारला आणि त्याची पत्नी ॲलिस हिने ठेक्याची जबाबदारी घेऊन काम तडीस नेले. २१ एप्रिल १८६३ रोजी घाटमार्ग खुला झाला. त्या २५ बोगद्यांची कीर्ती आपण सर्व जाणतो. मजुरीच्या दंगलीची आठवण मात्र फारशी निघत नाही.

९/ आता १८५९ हे साल नीट लक्षात ठेवा. ज्या वर्षी मजुरी न मिळाल्याने कर्जतला दंगल झाली, त्याच वर्षी कलकत्त्यात एक कायदा संमत झाला : १८५९ चा तेरावा कायदा, कामगारांच्या करारभंगाविषयीचा. आगाऊ रक्कम घेऊन जो कारागीर वा मजूर काम करणार नाही, त्याला मॅजिस्ट्रेटने काम करण्याचा किंवा पैसे परत करण्याचा हुकूम द्यावा; तो न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरी.

१०/ कलकत्त्यातील युरोपीय व्यापारी-उद्योजकांच्या तक्रारींवरून हा कायदा झाला. आरंभी तो कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या तीन शहरांपुरता होता, पण इतरत्र लागू करण्याची सोय त्यात होती. मालकाने शब्द मोडला तर दिवाणी वाद. मजुराने मोडला तर तुरुंग. करार एकच, पण त्याच्या दोन टोकांना दोन निरनिराळी वजने. हा कायदा रद्द करण्याचे विधेयक संमत व्हायला १९२५ साल उजाडावे लागले.

११/ बोरघाटासारख्या प्रसंगांनंतर सरकारने दुसरी बाजू अगदीच पाहिली नाही, असे म्हणता येणार नाही. १८६० मध्ये रेल्वे, कालवे व इतर सार्वजनिक कामांवरील मजुरीचे तंटे मॅजिस्ट्रेटने झटपट निकालात काढावेत, असा कायदा झाला. पण तंटा घेऊन मॅजिस्ट्रेटपुढे उभा राहणार कोण? ज्याच्याजवळ ठरलेल्या दराचा कसलाही पुरावा नाही, तो?

१२/ येथे कोणी म्हणेल, मग सगळे लिहून घेतले की झाले. इतिहास या उत्तरावर समाधान मानू देत नाही. याच काळात कोकणातील मराठी माणसे मुंबई बंदरातून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर गेली. त्यांचा करार लेखी होता. ‘ॲग्रीमेंट’चे ‘गिरमिट’ झाले ते त्यावरूनच. तरीही एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांची मजुरी कापण्याची कुप्रसिद्ध पद्धत तेथे चालली. कागद होता; तो मजुराला वाचता येत नव्हता आणि परतीची वाट समुद्रापार होती.

१३/ घराजवळही तेच. शेजारच्या ठाणे जिल्ह्यात लग्नासाठी पैसे घेऊन सावकाराकडे राबणाऱ्या माणसाला ‘लग्नगडी’ असा शब्दच रूढ होता. कोणत्याही अन्यायाला भाषेत सहज नाव मिळाले की तो रिवाज झाला, असे समजावे. डी. सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याने १९३८ च्या सुमारास मुंबई प्रांतातील आदिवासींच्या स्थितीवर अहवाल लिहिला, तेव्हा ही वेठ सरकारदरबारी नोंदली गेली. नोंद झाली म्हणून ती संपली नाही.

१४/ स्वातंत्र्यानंतर चित्र कागदावर पालटले. राज्यघटनेच्या २३ व्या अनुच्छेदाने वेठबिगारीला बंदी केली. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने अशी कर्जे रद्द ठरवली. त्याचे १५ वे कलम तर प्रत्येक इतिहासप्रेमीने वाचावे : एखादे कर्ज वेठीचे आहे असा मजुराने दावा केला, तर ते तसे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी सावकारावर. १८५९ च्या तराजूचे पारडे ११७ वर्षांनी उलटे झाले.

१५/ सर्वोच्च न्यायालयाने आणखी दोन पावले टाकली. १९८२ मध्ये, दिल्लीतील एशियाड स्पर्धांच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात, किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर काम करून घेणे ही २३ व्या अनुच्छेदाखालची सक्तीची मजुरीच होय, असे न्यायालयाने ठरवले. भूक ही देखील सक्तीच, हे त्यामागचे तत्त्व. पुढे डिसेंबर १९८३ मध्ये, हरियाणातील दगडखाणींच्या प्रकरणात, सक्तीचे काम दिसले की त्यामागे उचल आहे असे न्यायालय गृहीत धरेल, असा निर्णय झाला.

१६/ आणि १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा. ठेकेदाराने प्रत्येक मजुराला छायाचित्र लावलेले पासबुक द्यावे. त्यात कामाचे ठिकाण, मुदत, मजुरीचा दर, कपाती हे सारे हिंदी-इंग्रजीत आणि मजुराची भाषा निराळी असेल तर तिच्यातही लिहावे. कर्नाटकात कोळसा पाडायला जाणाऱ्या कातकऱ्याच्या हाती मराठीत लिहिलेली वही असावी, हे कायद्याने चार दशकांपूर्वीच सांगितले होते. आज हा विषय २०२० च्या श्रमसंहितेत गेला आहे. पण उचलीचा व्यवहार अजूनही तोंडीच चालतो.

१७/ म्हणून माझे मत असे. ‘मजूर उचल घेऊन पळतात’ ही मालकांची तक्रार सर्वस्वी खोटी नाही. काही जण दोन मुकादमांकडून पैसे घेतातही. पण तिचा इलाजही मजुराच्या तक्रारीहून वेगळा नाही. उचल देण्यापूर्वी दर, ठिकाण, मुदत आणि कपाती मराठीत लिहून वाडीवर चारचौघांत वाचून दाखवाव्यात. एक प्रत मजुराकडे राहावी. मोजणी आठवड्याला व्हावी आणि दोन्ही वह्यांत चढावी. प्रामाणिक मालकाचे यात काय बिघडणार?

१८/ हे ग्रामसभेपुढे होऊ शकते. १९७६ च्या कायद्याने जिल्हा आणि उपविभाग पातळीवर दक्षता समित्या सांगितल्या आहेत. त्यांनी मोसम संपल्यावर सुटका करण्यापेक्षा भातकापणीच्या सुमारास, वाडी रिकामी होण्याआधी, पेण-रोह्याच्या वाड्यांवर जावे. रोग्याला गाठायचे ते रोग बळावण्यापूर्वी. रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीसारख्या ठिकाणी ठेक्यावर जाणाऱ्या तरुणांनीही हाच क्रम धरावा : आधी कागद, मग होकार.

१९/ शेवटी तुम्हा इतिहासाच्या विद्यार्थ्यांना एक विनंती. या विषयाची उपलब्ध कागदपत्रे बहुतेक एका बाजूने लिहिलेली आहेत : कंपनीचे अहवाल, सरकारी गॅझेटिअर, मालकाची वही. भट्टीवर जन्मलेली, भट्टीवर वाढलेली माणसे आज वाड्यांवर हयात आहेत. त्यांची परवानगी घेऊन त्यांना विचारा : उचल किती होती, दर काय सांगितला होता, हातात काय पडले? उत्तरे तारीखवार लिहून ठेवा आणि एक प्रत त्यांच्याच घरी ठेवा.