हार बॉयलरला, ट्रॅपला कोण विचारतो?

तुमच्या वहीचा कागद कशाने वाळतो, ठाऊक आहे? चंद्रपूर जिल्ह्यात बल्लारपूरला वर्धा नदीकाठी कागदाची मोठी गिरणी आहे. ती उभारणारी कंपनी 1945 साली स्थापन झाली आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातला बांबू कित्येक वर्षे तिकडे गेला. लगद्याचा पट्टा कितीही दाबून पिळला तरी त्यात निम्म्याहून अधिक पाणीच राहते. ते घालवण्यासाठी ओला पट्टा ओतीव लोखंडाच्या पोकळ दंडगोलांवरून फिरवतात. दंडगोलांत वाफ खेळत असते.

वाफेचे पाणी होताना किलोमागे सुमारे 540 किलोकॅलरी अप्रकट उष्णता बाहेर पडते. कागद वाळतो तो हिच्यामुळे. मागे राहिलेल्या पाण्याला कारखान्यात कंडेन्सेट म्हणतात. ते आत साचले, तर वाफ आणि लोखंड यांच्यामध्ये पाण्याचा थर येतो आणि कागद ओलसर राहतो. म्हणून पाणी बाहेर जावे, पण वाफ जाऊ नये, अशी राखण करणारा एक छोटा पहारेकरी नळावर बसवतात. त्याचे नाव स्टीम ट्रॅप.

हल्ली ट्रॅप, झडपा, टाकी आणि पंप एकाच सांगाड्यावर जोडलेला तयार संच मिळतो. पुण्यातही असे संच बनतात. त्यातला पंप बहुधा वाफेच्याच दाबाने पाणी ढकलतो. साध्या विजेच्या पंपात उकळत्या पाण्याचे बुडबुडे होतात आणि तो कुरकुरू लागतो! तयार संचाला माझी हरकत नाही. हरकत आहे ती निवडीच्या रीतीला. नळ दीड इंची, म्हणून ट्रॅपही दीड इंची, ही कसली निवड? तासाला किती किलो पाणी होते, दोन्ही बाजूंच्या दाबांत फरक किती, हे आधी विचारायला हवे. थंड यंत्र सुरू करताना तर नेहमीच्या दुप्पट-तिप्पट पाणी जमते.

त्यानंतर येते देखभाल. ट्रॅप मिटून अडकला तर कागद ओला येतो आणि लगेच धावाधाव होते. तो उघडा अडकला, तर मात्र कागद छान वाळतो, कोणी तक्रार करत नाही, आणि वाफ रात्रंदिवस निसटत राहते, कोळसा फुकट जळतो. मला या दुसऱ्या बिघाडाची अधिक धास्ती वाटते. तो डोळ्यांना दिसत नाही. कानाने ऐकून किंवा उपकरणाने तपासूनच कळतो. दसऱ्याला झेंडूचा हार मिळतो बॉयलरला. ट्रॅपकडे वर्षभर कोणी फिरकत नाही.

आता थोडे गणित. 25 अंशांच्या पाण्याची वाफ करायला किलोमागे साधारण 75 अधिक 540, म्हणजे 615 किलोकॅलरी लागतात. 100 अंशांचे कंडेन्सेट परत आणले तर त्यांतल्या 75, म्हणजे सुमारे बारा टक्के वाचतात. शिवाय हे पाणी जवळजवळ शुद्ध असते. बॉयलरमध्ये क्षारांचा थर धरत नाही. तरीही ते गटारात सोडणारे कारखाने आहेतच.

शाळेची सहल कारखान्यात गेली, तर बॉयलर पाहून झाल्यावर गुरुजींना सांगून एवढे विचारा: इथले ट्रॅप शेवटचे कधी तपासले, आणि त्याची नोंद कुठल्या वहीत आहे?