आमच्या पावलांचे ठसे कोणाच्या वहीत?

शिष्यवृत्तीचे फॉर्म भरायचे दिवस. नांदेडच्या एका नेट कॅफेत पोरांसोबत बसलो होतो. एक मुलगी लॉगआउट न करताच उठून गेली. पुढच्या मुलाने तीच साइट उघडली आणि तिचा अर्ज समोर आला. जात, उत्पन्न, बँक खातं, सगळं. तो मित्राला हसत म्हणाला, "हीपण त्यांच्यातलीच निघाली!"

हे कसं घडलं? सर्व्हरला स्वतःची आठवण नसते. प्रत्येक क्लिक त्याला नवख्या माणसाची वाटते. म्हणून लॉगिन करताच तो आपल्या वहीत तुमच्या नावाचं पान उघडतो. ते सेशन. ब्राउझरला फक्त त्या पानाचा नंबर देतो. ती चिठ्ठी म्हणजे कुकी. चिठ्ठी ज्याच्या हाती, तोच माणूस, असं सर्व्हर मानतो. लॉगआउट केलं किंवा मुदत संपली की पान बंद.

ही चिठ्ठी गरजेची आहे. आमचं भांडण दुसऱ्या चिठ्ठीशी आहे, जी जाहिरात कंपन्या शेकडो साइटींवरून टाकतात. लातूरला नीटची तयारी करणारी पोरगी राखीव जागांचा कटऑफ बघते, मग वसतिगृह, मग कर्ज. तिन्हीकडे एकाच कंपनीची कुकी असेल, तर नाव न विचारताही जातीचा अंदाज बांधता येतो.

"लपवण्यासारखं नसेल तर भीती कशाची?" असं शहाणे विचारतात. जात सांगायची आम्हाला लाज नाही. पण कुठे, कधी, कोणाला सांगायची हे आम्ही ठरवू!

घर आणि कागदपत्रांच्या अवाजवी झडतीपासून संरक्षण बाबासाहेबांनी १९४७ सालीच 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये मागितलं होतं. खासगीपणा मूलभूत हक्क आहे हे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगायला २४ ऑगस्ट २०१७ उजाडावा लागला. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांचा असा माग काढायला मनाई लिहिली आहे. पण त्याच कायद्यात केंद्राला आपल्या यंत्रणांना सूट देण्याची वाटही ठेवली आहे. मग वहीवर पहारा कोणाचा?

पोरांनो, कॅफेत खासगी विंडो वापरा, लॉगआउट करूनच उठा. पण सगळा भार तुमच्यावर टाकून मालकांना सुटू देणार नाही. कोणती चिठ्ठी, कशासाठी, किती दिवस, हे मराठीत सांगा आणि नकाराचं बटण होकाराएवढंच मोठं ठेवा.

पेशवाईत आमचे ठसे पुसायला कमरेला झाडू बांधला. आज तेच ठसे विकायला जपून ठेवतात. तेव्हाही विचारलं नव्हतं, आजही विचारत नाहीत.

जयभीम!