उंबरठा किती, ते आधी सांगा

स्पष्टच लिहिते. सीटी स्कॅनवरून काढलेलं कवटीचं ते गुळगुळीत, हवं तसं फिरवून बघता येणारं त्रिमितीय चित्र म्हणजे फोटो नव्हे. तो एक दावा आहे. आणि ज्या एका आकड्यावर तो उभा आहे, तो आकडाच आपण चित्राखाली लिहीत नाही, याचा मला राग येतो. पोटापाण्यासाठी असलीच चित्रं काढणारा कोड लिहिते, म्हणून जरा जास्तच.

आधी घरच्या मंडळींसाठी थोडक्यात. (जाणकारांनी हा परिच्छेद गाळला तरी चालेल.) स्कॅनमधून चित्र निघत नाही, आकडे निघतात. एका कापात ५१२ गुणिले ५१२, असे ३०० काप धरले तर पावणेआठ कोटींच्या वर! हाउन्सफील्ड मोजपट्टीवर हवा उणे १०००, पाणी ०, हाड त्याच्या बरंच वर. आता आपण एक आकडा ठरवायचा. हा थ्रेशोल्ड, म्हणजे उंबरठा. त्याच्या वरचं ते आत, खालचं ते बाहेर. या दोहोंमधली सीमा म्हणजे आयसोसर्फेस.

१९८७ साली जनरल इलेक्ट्रिकमधल्या विल्यम लॉरेन्सन आणि हार्वी क्लाइन यांनी ही सीमा काढायची ‘मार्चिंग क्यूब्ज’ ही युक्ती मांडली. शेजारचे आठ बिंदू घेऊन एक ठोकळा करायचा. प्रत्येक कोपरा आत किंवा बाहेर, म्हणजे २५६ शक्यता. फिरवून-उलटवून पाहिलं तर त्यातल्या १५च उरतात. कुठल्या शक्यतेत त्रिकोण कसे बसवायचे याचा तक्ता तयार ठेवायचा आणि ठोकळ्यामागून ठोकळा पुढे सरकायचं. सुंदर युक्ती, वादच नाही.

त्यानंतर आमच्या क्षेत्राने बराच घाम वेगासाठी गाळला. बहुतेक ठोकळ्यांतून सीमा जातच नाही, मग ते तपासायचे कशाला? १९९२ साली विल्हेल्म्स आणि व्हॅन गेल्डर यांनी त्यासाठी ऑक्ट्री वापरली. मोठ्या डब्यातला सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा आकडा लिहून ठेवायचा. उंबरठा त्या दोहोंच्या मध्ये नसेल, तर अख्खा डबा सोडून द्यायचा. २०१५ मध्ये आलेली ‘फ्लाइंग एजेस’ तर अनेक कोअरवर काम वाटून घेते.

पण हा वेग मिळवायचा कशासाठी? माझ्या मते, उंबरठा हलवून बघता यावा म्हणून! ऑक्ट्री एकदा बांधली की कुठल्याही उंबरठ्याला चालते. आणि आपण काय करतो? एक आकडा निवडतो, चित्र गोठवतो, आकडा पुसतो आणि चित्र गावभर फिरवतो.

फरक काय पडतो म्हणता? डोळ्याच्या खोबणीचा तळ घ्या. तिथलं हाड अगदी पातळ. स्कॅनच्या एकाच ठिपक्यात थोडं हाड आणि थोडा मऊ भाग येतो, सरासरी उतरते आणि तो ठिपका उंबरठ्याबाहेर पडतो. झालं, धडधाकट कवटीत भोक दिसायला लागतं! उंबरठा खाली आणला की भोक बुजतं, पण मग नको ते भाग हाडाला चिकटून येतात. आकडे तेच, कवट्या दोन.

‘रेडिऑलॉजिस्ट मूळ काप बघतातच की’, असं कुणी म्हणेल. मान्य. पण विद्यार्थी, पेशंटचे नातेवाईक, पेपर वाचणारे? त्यांच्या वाट्याला फक्त चित्र येतं. आमची मावशी तर म्हणाली, "अगं, फोटोत दिसतंय ना, मग आहेच ते." मावशीचं काय चुकलं? चित्र तिच्याशी तसंच बोललं.

ट्रेकवाल्या दोस्तांनो, टोपोशीटवर कंटूर रेषेची उंची छापलेली असते. ती नसती, तर तो नकाशा घेऊन तुम्ही सह्याद्रीत उतरला असता का? आयसोसर्फेस म्हणजे तीच रेषा, फक्त एक मिती जास्त. मग तिलाच ही सूट का?

मागणी साधी आहे. चित्राखाली उंबरठा लिहा. शेजारी थोड्या कमी आणि थोड्या जास्त उंबरठ्याची दोन चित्रं द्या. पडद्यावर असेल तर सरकपट्टी बघणाऱ्याच्या हाती द्या. यातलं काहीच आता महाग नाही, तेवढा वेग कधीच आला आहे.

आणि मावशी, पुढच्या वेळी कुणी असं चित्र दाखवलं तर घाबरण्याआधी एकच विचार: आकडा कोणता धरलाय?