पोक्त वयांतील खेळ

‘चाळिशी उलटली, आतां खेळ कसला?’ असें कित्येक पालक म्हणतात. आम्हांस तें मान्य नाहीं. पुण्याचे संस्कृताचे प्राध्यापक दिनकर बळवंत देवधर यांनीं १९४४ सालीं, वयाच्या ५२ व्या वर्षीं, नवानगरविरुद्ध दोन्ही डावांत शतकें काढलीं. स्केटबोर्ड तर केवळ पोरांचा खेळ समजतात. पण २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्यें ब्रिटनतर्फे खेळणारे अँडी मॅक्डोनल्ड ५१ वर्षांचे असतां त्यांत उतरले. वयाबरोबर स्नायू झिजतात, तोल ढळतो, पडल्यास हाड लवकर मोडतें, हें खरें. म्हणूनच नित्य बैठका काढाव्या, एका पायावर उभें राहण्याचा सराव ठेवावा व दुखापतीनंतर पुरती विश्रांति घ्यावी. (ही शेवटची गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांस शिकवावी लागत नाहीं!) यापुढें क्रीडादिनीं पालकांसाठीं खुर्च्या थोड्या मांडून त्यांची एक शर्यत ठेवावी, अशी आमची सूचना आहे.